मेलेल्या माणसाचा राग

१

डॉ. सहदेव निमकरांनी पडद्यावरच्या एका लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि ते म्हणाले, "हा माणूस रागाने मेला."

सभागृहात हळहळ पसरली. ठाण्यातल्या सुशिक्षित मंडळींना अशी वाक्यं फार आवडतात. निमकरांच्या 'स्वभाव आणि आरोग्य अभ्यास केंद्रा'ने ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घराघरांत जाऊन लोकांना त्यांच्या स्वभावाबद्दल प्रश्न विचारले होते, त्यांचं बीपी आणि साखर तपासली होती, आणि आज त्याचे निष्कर्ष जाहीर होत होते. पण नुसत्या आकड्यांना टाळ्या पडत नाहीत, हे निमकरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना गोष्ट हवी होती.

"विठ्ठलवाडीचे गृहस्थ. फर्निचरला पॉलिश करायचे. जुलैमध्ये आमची मुलगी दुसऱ्या फेरीला त्यांच्या घरी गेली. बीपी वाढलेलं होतं. तिने डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तर हे तिच्या अंगावर धावून गेले. मला शिकवू नका, म्हणाले. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हृदयविकाराने गेले. आता सांगा, त्यांना कुणी मारलं?"

पहिल्या रांगेत बसलेल्या नीरजा टिपणीसांच्या कपाळाला आठी पडली. त्या डोंबिवलीच्या. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि केंद्राच्या नीतिसमितीवर बाहेरच्या सदस्य होत्या. स्वभावाचा आणि आजाराचा संबंध असतो, हे त्यांनाही मान्य होतं. पण तो हजारो माणसांत मिळून अंधूकसा दिसतो. तो उचलून एका माणसाच्या गळ्यात बांधायचा, वर त्याचं गाव आणि धंदा चारचौघांत सांगायचा, हा निव्वळ अगोचरपणा होता. शिवाय रागाने माणसं अशी पटापट मरत असती, तर नीरजाबाईंचं वर्षश्राद्ध डोंबिवलीत केव्हाच उरकलं असतं.

त्या बोलायला उठणार, एवढ्यात पाहणीतल्या घरांसाठी राखलेल्या मागच्या रांगेतून आवाज आला.

"आमच्या मालकांना राग येत नव्हता."

पांढरी साडी नेसलेली एक बाई उभी होती. आवाज चढलेला नव्हता. सगळ्या माना मागे वळल्या.

"विठ्ठलवाडीत पॉलिश करणारे आणि नारळी पौर्णिमेला गेलेले एकच. कुंडलिक भालेराव. मी त्यांची बायको, शालन. त्यांनी कुणाला अरे म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमच्या पोरीच्या अंगावर कसे जातील?"

निमकर समजूतदारपणे हसले. "ताई, घरच्यांना ते दिसत नाही. म्हणून तर शास्त्र लागतं."

काही लोक हसले. हसणाऱ्यांच्या तोंडावर हातातलं माहितीपत्रक फेकून मारावं, असं नीरजाबाईंना वाटलं. त्यांनी मान वळवली, तर भिंतीशी प्राची गमरे उभी होती. कळव्याची ही मुलगी केंद्रात पीएचडी करत होती आणि विठ्ठलवाडीतली घरं तिच्याकडे होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नीरजाबाई तिच्यापाशी गेल्या.

"तुझ्या अंगावर धावून गेले ते?"

"बाई," प्राची म्हणाली, "मी दुसऱ्या फेरीला गेलेच नव्हते."

२

केंद्राचं ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या अगदी मागे. खिडकी उघडली की गाड्यांचा धूर आणि लाउडस्पीकरवरच्या घोषणा दोन्ही आत येतात. दुसऱ्या दिवशी नीरजाबाई तिथे पोचल्या, तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता.

"प्राचीने नोंद घरी बसून भरली," निमकर म्हणाले. "तीच म्हणतेय की ती गेली नव्हती. नोंद मात्र तिच्या नावावर आहे. म्हणजे खोटी भरली. काढून टाकू तिला, विषय संपला."

"एवढी घाई?"

"मॅडम, केंद्राची अब्रू आहे."

कुंडलिकरावांच्या अब्रूबद्दल ते काही बोलले नाहीत. नीरजाबाईंनी नोंद मागितली. रुचिताने ती पडद्यावर उघडली. रुचिता कल्याणची. कुणाला कुठे पाठवायचं, हे तिचं काम. भराभर बोलणारी आणि सतत घाबरलेली.

नोंद जुलैअखेरची होती, संध्याकाळची. शेवटी शेरा होता: 'डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. उत्तरदात्याने रागाने नकार दिला.' स्वभावाच्या प्रश्नांची उत्तरं मात्र नीरजाबाईंनी दोनदा वाचली. अर्धी प्रश्नावली एखाद्या भडक डोक्याच्या माणसाची होती. मला पटकन राग येतो, पूर्ण सहमत. लोक मला चिडवतात असं वाटतं, पूर्ण सहमत. मी सहसा शांत असतो, अजिबात नाही. आणि मध्यावर कुठेतरी माणूसच बदलला होता. तिथून खाली सगळीकडे एकच उत्तर: पूर्ण सहमत. मी भांडण उकरून काढतो, पूर्ण सहमत. मी कधीच भांडत नाही, पूर्ण सहमत.

असे उलटसुलट प्रश्न मुद्दाम घातलेले असतात. न वाचता बोट फिरवणारा त्यातच सापडतो.

"ही प्राचीच्या टॅबवरची नोंद. तो टॅब कुणाकुणाच्या हाताला लागतो?"

"सगळ्यांच्याच," रुचिता म्हणाली. "फील्डवरून आले की टॅब त्या कपाटात ठेवतात. चार्जिंगला."

"आणि पासवर्ड?"

रुचिताने खाली बघितलं. नीरजाबाईंनी कपाटातला टॅब काढून उलटा केला. मागे चिकटपट्टी होती, तिच्यावर पासवर्ड ठसठशीत लिहिलेला. फील्डवर नेट नसतं, म्हणून तारीखही हाताने टाकता यायची. आणि विठ्ठलवाडीच्या सगळ्या नोंदी सप्टेंबरमध्ये एकगठ्ठा सर्व्हरवर चढल्या होत्या. म्हणजे ही खरी कधी भरली, ते कळायला मार्ग नव्हता.

"वा," नीरजाबाई म्हणाल्या. "लोकांना विचारता, तुम्ही काटेकोर आहात का!"

एवढ्यात सुशांत चहा घेऊन आला. प्रकल्पाचा सगळा गाडा हाच हाकायचा. हसतमुख, कामसू पोरगा. त्याने चहाबरोबर आंबापोळीची पुडी उघडली.

"घ्या बाई, गावची आहे. आईने दिलीय. यंदा रेल्वेचं रिझर्वेशन मिळालं नाही ना, लाल डब्याने गेलेलो. अजून कंबर धरलीय बघा."

"प्राचीबद्दल तुझं काय मत?"

सुशांतचा चेहरा उतरला. "चांगली मुलगी आहे, बाई. पण कामाचं प्रेशर असतं. होतं कधी कधी असं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिला जास्त त्रास होऊ देऊ नका. प्लीज."

आंबापोळी चांगली होती. नीरजाबाईंनी आणखी एक तुकडा घेतला आणि कुंडलिकरावांची पहिल्या फेरीची नोंद उघडली. ही मे महिन्यातली, प्राचीने खरोखर घरी जाऊन घेतलेली. बीपीच्या आकड्यावर नजर गेली आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. त्या आकड्याच्या माणसाला त्याच दिवशी रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला हवं होतं.

"याला ऑफिसातून फोन कधी केलात?" त्यांनी विचारलं.

बाहेर डेपोत कुठलीशी गाडी फलाटावर लागल्याची घोषणा झाली.

३

"जय भीम, या," म्हणत शालनताईंनी चटई टाकली. प्राची दारातच घुटमळत होती. शालनताईंनी तिला हाताला धरून आत घेतलं.

"तू का रडतेस? तू आली नव्हतीस, हे मला म्हाइत नाही का?"

"तुम्हाला कसं माहीत?" नीरजाबाईंनी विचारलं.

"त्या कागदात कधीची वेळ आहे म्हणता? जुलैची संध्याकाळ? बाई, आषाढी पौर्णिमेला आमचा वर्षावास बसला. तिथून तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचायला कोण? हेच. दरवर्षी. अंगात ताप असला तरी चुकवायचे नाहीत. सगळी वस्ती समोर बसलेली असायची. घरी येऊन ह्या पोरीवर ओरडले कधी?"

शालनताईंनी मोबाइल काढला. विहारात कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. बारीक अंगाचा एक माणूस चष्मा सावरत, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत वाचत होता. मध्येच पुढे बसलेल्या पोरांनी दंगा केला, तसा तो थांबला. रागावला नाही. पोरं गप्प होईपर्यंत नुसता बघत राहिला आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे वाचू लागला.

"मेमध्ये मशीन लावलं तेव्हा काय झालं होतं?"

"हिने एकदा लावलं. मग परत लावलं. हिचं तोंड बघून मी समजले, काहीतरी आहे."

"मला आकडा सांगायची परवानगी नाही, बाई," प्राची घाईघाईने म्हणाली. "आकडा कळला की माणूस घाबरतो आणि स्वभावाची उत्तरं बदलतात, असा नियम आहे. मी लाल खूण केली. लाल खूण केली की ऑफिसातून फोन जातो, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगतात. मी काकांना म्हटलं, फोन येईल, आला की लगेच जा."

फोनची अट नीरजाबाईंनीच समितीत भांडून घालून घेतली होती. त्याशिवाय त्या सही करायला तयार नव्हत्या.

"आला फोन?"

शालनताईंनी नाही म्हणून मान हलवली. "विहारात मोबाइल कधी नेत नव्हते. ह्या वेळी न्यायला लागले. ग्रंथाच्या बाजूला ठेवायचे. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाले, पोरगी बोललीय फोन येणार, उचलला नाही तर तिला वाईट दिसेल."

व्हिडिओ अजून चालू होता. नीरजाबाईंनी चष्मा पुसायला घेतला, तेव्हा त्यांना ते दिसलं. ग्रंथाच्या शेजारी, पांढऱ्या कापडावर, काळा मोबाइल.

"काका गेल्याचं तू ऑफिसात कुणाला सांगितलंस?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"सुशांतसरांना. माझी दुसरी फेरी व्हायच्या आधीच कळलं, तसं त्याच दिवशी, फोनवर. बिचारे बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांनी पुढे निमकरसरांना सांगितलं असेल, रुचिताताईलाही. का?"

नीरजाबाई चालता चालता थांबल्या. त्यांना एकदम काहीतरी आठवलं होतं.

"प्राची, संमतीपत्रक पाठ आहे का तुला?"

"झोपेतसुद्धा म्हणेन. प्रत्येक घरात वाचून दाखवावं लागतं."

"चौथं वाक्य म्हण."

प्राचीने म्हटलं. आणि म्हणता म्हणता तिचे डोळे विस्फारले.

४

चौथं वाक्य असं होतं: 'मुलाखत नीट होत आहे ना, हे पाहण्यासाठी टॅब मध्येच काही क्षणांचा आवाज आपोआप टिपून घेईल, तो फक्त नीतिसमितीला ऐकता येईल.'

फील्डवरची मुलं त्याला कानोसा म्हणायची. टॅब केव्हा कानोसा घेईल, कुणालाच ठाऊक नसायचं. ऑफिसातल्या मंडळींना तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं, कारण संमतीपत्रक ऑफिसात कोण वाचणार? तो पहिला पडदा. बोटाने सरकवला की गेला.

डोंबिवलीच्या घरी, दुपारच्या चहाचा कप बाजूला ठेवून, नीरजाबाईंनी इअरफोन लावले. कुंडलिक भालेराव, दुसरी फेरी. प्रश्न विचारणारा आवाज नव्हता, उत्तर देणाराही नव्हता. नुसती टकटक. काचेवर बोट आपटल्याची. आणि मग लांबून, पण स्वच्छ, लाउडस्पीकर:

"गणपती उत्सवानिमित्त सोडण्यात येणारी देवरूख जादा गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी..."

टकटक थांबली. खुर्ची सरकली. मग टकटक पुन्हा सुरू झाली, पण कशी! धडधड, एकसारखी, थांबायचं नाव नाही. तिथे तुकडा संपला.

नीरजाबाईंनी इअरफोन काढून टेबलावर आपटले. कुंडलिकराव गेले नारळी पौर्णिमेला. गणपतीच्या जादा गाड्या सुटतात त्यानंतर. माणूस जाऊन दिवस उलटले होते, आणि खोपटच्या ऑफिसात बसून कुणीतरी त्याच्या तोंडी राग भरत होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांना एकत्र बसवून तो आवाज ऐकवला. निमकरांचा चेहरा आधी गोरामोरा झाला. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"गणपती! मग प्रश्नच मिटला. गणपतीत आमच्या डोंबिवलीच्या घरी पाच दिवस मूर्ती असते, मी घराबाहेर पडत नाही. रुचिताच्या सासरी गौरी असतात. सुशांत गावाला. ऑफिसात कोण होतं? विचारा हिलाच."

सगळे प्राचीकडे बघू लागले.

"मीच होते," ती म्हणाली. "एकटी. दरवर्षी मीच असते." आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "कारण दरवर्षी तुम्ही म्हणता, प्राची, तुमच्यात गणपती नसतो ना, मग तू बस. मला सुट्टी हवीय का, कुणी विचारत नाही. आणि आता तेच माझ्यावर लावताय?"

"आवाज खाली," निमकर म्हणाले. "बघितलंत मॅडम? हाही स्वभावच."

५

"निमकर," नीरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर ऐकून रुचिताने खुर्ची मागे घेतली, "तुम्ही एवढे शिकलेले, सगळी नोकरी ठाण्यात, ऑफिस डेपोला चिकटून. जादा गाड्या केव्हा सुटतात हो?"

"गणपतीत."

"गणपतीसाठी! चाकरमानी मूर्ती बसायच्या आधी घरी पोचायला हवा. गाड्या जातात त्या चतुर्थीच्या आधी. चतुर्थीनंतर इथून देवरूखला जादा गाडी कशाला सोडतील, मोदकांची भांडी घासायला? ही नोंद सुट्टीच्या आधल्या दिवसांत भरली गेली. तेव्हा ऑफिसात सगळे होते. एकटी प्राची नव्हे."



"आता उत्तरं बघा. पहिला अर्धा भाग अगदी मन लावून भरलाय. राग कुठे सहमत, शांतपणा कुठे असहमत, सगळं चोख. म्हणजे भरणाऱ्याला प्रश्नावली नीट कळते. मग घोषणा होते, खुर्ची सरकते, आणि पुढे आंधळेपणाने एकच उत्तर. कशाची घाई झाली त्याला? ती घोषणा डेपोत दिवसभर होत असते. रुचिता, तुला ऐकू येते ती?"

"कानच मेलेत, बाई. लक्षच जात नाही."

"जाणार कसं? लक्ष जाईल ज्याला ती गाडी पकडायचीय त्याचं. निमकर आपल्या गाडीने डोंबिवलीला जातात. रुचिता कल्याणची. प्राचीला तुम्ही हलूच देत नाही. शिवाय कानोसा असतो हे तिला ठाऊक, ती खोटी नोंद ह्या टॅबवर मुकाट्याने बसून भरेलच कशाला? भरणाऱ्याने संमतीपत्रक वाचलेलं नव्हतं. आणि वाचणार कुणासाठी? ज्याची संमती घ्यायची, तो तर मेलेला." त्या वळल्या. "सुशांत, तुझं गाव कुठलं रे?"

सुशांत हसायला गेला, पण ते जमलं नाही. "बाई, देवरूखला काय मी एकटाच जातो? अर्धा कळवा जातो."

"अर्ध्या कळव्याला कुंडलिकराव गेल्याचं प्राचीने फोन करून सांगितलं नव्हतं. आणि लाल खूण आली की फोन करायचं काम अर्ध्या कळव्याचं नव्हतं. ते तुझं होतं."

टेबलावर आंबापोळीची पुडी अजून पडलेली होती. सुशांतने ती बाजूला सारली.

"मी करणार होतो फोन," तो शेवटी म्हणाला. "सर म्हणालेले, लाल खुणावाल्यांना आत्ता हात लावू नका, दुसरी फेरी होऊ दे. औषध सुरू झालं तर रागाचा परिणाम दिसणार कसा? मला वाटलं, एक-दोन महिन्यांनी काय होतंय. मग प्राचीचा फोन आला, काका गेले. मी घाबरलो, बाई. कुणी विचारलं, फोन का नाही केला, तर? म्हणून आधीची तारीख टाकून दाखवलं की सांगितलेलं, त्यांनीच ऐकलं नाही. प्राचीला त्रास व्हावा असं नव्हतं माझ्या मनात."

"तिच्या नावावर भरलंस, सुशांत!"

"विठ्ठलवाडी तिचीच होती ना," तो पुटपुटला.

प्राची त्याच्याकडे बघत होती. तिला रडू आलं नाही, हे बघून नीरजाबाईंना बरं वाटलं.

"मला ह्या नोंदीची काही कल्पना नव्हती," निमकर घाईने म्हणाले. "आणि फोनचं मी तात्पुरतं म्हटलं होतं. अशा अभ्यासात असं चालतं. हे बघा मॅडम, एक नोंद आहे. काढून टाकू. निष्कर्षाला धक्कासुद्धा लागत नाही. प्राचीची पीएचडी मी स्वतः मार्गी लावतो. उगाच बाहेर कशाला?"

आता मात्र नीरजाबाईंचा तोल सुटला. त्यांनी टेबलावर हात आपटला, तसा चहाचा कप लवंडला.

"एक नोंद? माणूस होता तो! त्याचं बीपी तुम्हाला मेपासून माहीत होतं. तुम्ही बघत बसलात, तो कधी रागावतो आणि कधी मरतो! तो रागावला नाही, तर तुमच्या ऑफिसाने तो राग तयार करून दिला. आणि तुम्हाला हवी तशी गोष्ट हातात आली, म्हणून ती खरी का खोटी हे विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत. त्याच्या बायकोसमोर टाळ्या घेतल्यात!"

"रागावू नका, मॅडम. तब्येतीला—"

"माझ्या तब्येतीचं नाव काढाल तर बघा," नीरजाबाई म्हणाल्या. "आवाजाचा तुकडा, दोन्ही नोंदी आणि माझा अहवाल आज विद्यापीठात जातोय. पोलिसांत काय द्यायचं ते शालनताई ठरवतील. आणि रुचिता, आत्ताच्या आत्ता सगळ्या लाल खुणा काढ. एकेकाला फोन लाव. माझ्यासमोर."

रुचिताने फोन उचलला. पहिला माणूस कळव्याचा निघाला. रिंग वाजत राहिली. पलीकडून "हॅलो" आलं, तेव्हा रुचिताला रडू फुटलं.

६

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विठ्ठलवाडीच्या विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने बसली होती. ग्रंथाचं शेवटचं वाचन वस्तीतल्या रखमाबाईंनी केलं. त्या अडखळत वाचत होत्या, पण कुणी कुरकुर केली नाही.

वाचन संपल्यावर नीरजाबाई उभ्या राहिल्या. सभागृहात माइकवरून झालेली बदनामी एखाद्या खोलीत कुजबुजून पुसता येत नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. आकडा, लाल खूण, न गेलेला फोन, देवरूखची गाडी. काही लपवलं नाही, काही सौम्य केलं नाही. "कुंडलिकराव रागाने गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते प्राचीवर ओरडले नाहीत. कुणी त्यांना काही सांगितलंच नाही, मग नाही म्हणतील कशाला?"

शालनताई पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या.

"म्हणजे एक फोन आला असता," त्या सावकाश म्हणाल्या, "तर ते गेले असते दवाखान्यात."

"हो."

"औषध मिळालं असतं."

"हो, शालनताई. वाचलेच असते, असं मी म्हणू शकत नाही. पण वाचायची संधी होती, ती त्यांना दिली नाही."

शालनताईंनी मान हलवली. त्यांची नजर समोरच्या पांढऱ्या कापडावर गेली. ग्रंथाशेजारची जागा आता रिकामी होती. मग त्या प्राचीकडे वळल्या.

"तुझा टॅब आणलायस?"

प्राची गोंधळली. "पिशवीत आहे. का, काकी?"

"काढ. मला विचार ते प्रश्न."

"काकी, तुम्ही अभ्यासात नाही आहात. तुमचं नाव—"

"मग घाल नाव. शालन कुंडलिक भालेराव. आणि आधी ते सगळं वाच, संमतीचं. यांना वाचून दाखवलेलंस तसं. एक वाक्य सोडू नकोस."

प्राचीने नीरजाबाईंकडे बघितलं. नीरजाबाईंनी मान डोलावली. प्राचीने टॅब उघडला आणि सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात संमतीपत्रक पहिल्यापासून वाचलं. चौथ्या वाक्याला तिचा आवाज जरा हलला, पण ती थांबली नाही.

"मान्य आहे," शालनताई म्हणाल्या. "आता रागाचा विचार."

"मला पटकन राग येतो," प्राचीने वाचलं. "पूर्ण सहमत, थोडं सहमत, असहमत..."

"इतकी वर्षं येत नव्हता. त्यांच्यासंगं राहून मलाही यायचा बंद झाला होता." शालनताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आता येतो. उठल्यापासून निजेपर्यंत येतो. लिही, पूर्ण सहमत. आणि का येतो, तेही लिही."

प्राचीने पडद्यावर बोट वरखाली फिरवलं. मग मान वर केली.

"काकी, का येतो हे लिहायला ह्याच्यात जागाच नाहीये."

"नाही कशी?" शालनताई म्हणाल्या. "जागा कर. मी बसलेय इथे."